नाशिकमधल्या विद्यापीठ संकुलासाठी मध्यवर्ती ऊर्जागृह: गणित तपासून द्याल का?

त्र्यंबकरोडवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज नाशकातच. सरांनी प्रोजेक्ट दिलाय: विद्यापीठाच्या संकुलासाठी उष्णता आणि वीज दोन्ही देणारं एकच केंद्र डिझाइन करा. संकुल काल्पनिक आहे, दिंडोरी रस्त्याला धरलंय. १,५०० मुलामुलींची वसतिगृहं, एक मोठी मेस, वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मेडिकलचं १०० खाटांचं रुग्णालय. दिवसा विजेची कमाल मागणी १.२ मेगावॅट, रात्री साधारण ३५० किलोवॅट.

मी १ मेगावॅटचं गॅस इंजिन धरलंय. शहरात एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा) पाइप गॅस आहे, तो संकुलापर्यंत येतो असं गृहीत. इंजिनची विद्युत कार्यक्षमता ४० टक्के, शिवाय जॅकेटचं (इंजिनभोवती फिरणारं) पाणी आणि धूर यांतून साधारण ४२ टक्के उष्णता परत मिळते. म्हणजे एकूण ८२ टक्के. कागदावर तर भारी दिसतंय. जाणकारांनी चुका काढाव्यात, व्हायव्हा जवळ आली आहे.

चिमणीखालचा

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात नोकरी झाली, आता निवृत्त. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत जातो, बाकीचा बराचसा कूलिंग टॉवरमधून आभाळात. रेल्वेतून जाताना जे पांढरे ढग दिसतात ते धुराचे नाहीत, पाण्याच्या वाफेचे, लोक उगाच नाकाला रुमाल लावतात. असो.

तुझ्या ८२ टक्क्यांतले ४२ कोण वापरणार, एवढं सांग. इंजिन तासाला साधारण १,०५० युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता देईल. ती घेणारं गिऱ्हाईक कुठे आहे? कोणत्या तासाला किती उष्णता लागते याचा चोवीस तासांचा आलेख काढ, जानेवारीचा वेगळा, मेचा वेगळा. मग इंजिनाकडे ये.

त्र्यंबकरोडवाला

काका, आलेख नव्हता, आता काढला. दर डोई ४० लिटर गरम पाणी धरलं, म्हणजे दोन बादल्या. रोज ६०,००० लिटर. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २० अंशांना धरून ४५ पर्यंत न्यायचं, म्हणजे २५ अंशांची वाढ. त्याला १५ लाख किलोकॅलरी लागतात, म्हणजे साधारण १,७४४ युनिट.

१,७४४ भागिले १,०५०. इंजिन सुरू केल्यावर पावणेदोन तासांच्या आत अख्ख्या वसतिगृहाच्या अंघोळी आटोपतात. उरलेले बावीस तास ती उष्णता नुसती बाहेर फेकायची.

बादलीभर

१,५०० जणांच्या अंघोळी आणि मेगावॅटचं इंजिन! आमच्या वेळी मागच्या अंगणात एक बंब होता आणि सोळा पोरं रांगेत. (अवांतराबद्दल क्षमस्व, धागा वाचतोय.)

मिनेसोटाकर

मूळचा पंचवटीतला, सध्या अमेरिकेत एका विद्यापीठाच्या स्टीम प्लँटमध्ये आहे. तुमच्या सरांनी विषय इकडच्या पुस्तकातून उचललेला दिसतोय. इकडे तो चपखल बसतो, कारण उणे वीसमध्ये प्रत्येक इमारतीला ऑक्टोबर ते एप्रिल रात्रंदिवस उष्णता लागते. १८७७ मध्ये बर्डसिल हॉली यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात एका बॉयलरमधून नळाने घराघरांत वाफ पोचवली, आणि मग विद्यापीठांनीही तेच केलं. जमिनीखाली बोगदे, त्यांत वाफेचे नळ, एका टोकाला चिमणी.

पण जुन्या वाफेच्या जाळ्यांची रडकथा पण ऐका. नळ १५०-२०० अंशांवर तापलेले, दिवसरात्र उष्णता गळते, स्टीम ट्रॅप (नळात साचलेलं पाणी काढणाऱ्या झडपा) बिघडतात, थंड होऊन पाणी झालेली वाफ निम्मी परत येत नाही. म्हणून व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने वाफ काढून गरम पाण्याचं जाळं टाकलं. स्टॅनफर्डने तर १९८७ पासूनचं आपलं गॅसवरचं सहनिर्मिती (वीज आणि उष्णता एकत्र बनवणारं) केंद्र २०१५ मध्ये बंदच केलं. तिथे लक्षात आलं की वर्षातला बराच काळ एका इमारतीला गारवा हवा असतो तेव्हाच दुसरीला गरम पाणी हवं असतं. मग चिलर (पाणी गार करणारं यंत्र) जी उष्णता बाहेर टाकतो तीच गरम पाण्याला दिली.

तुम्हाला वाफेचं जाळं टाकायचं काहीच कारण नाही. ९० अंशांच्या आतलं पाणी फिरवा. १०० अंशांच्या खालचं पाणी तापवणारं यंत्र बॉयलर कायद्याच्या व्याख्येतही येत नाही, त्यामुळे तपासणी, प्रमाणपत्र, परवानाधारक अटेंडंट हे सगळं वाचतं.

गोदाकाठची

मिनेसोटाकर, टेक्सासचं ऑस्टिन विद्यापीठ विसरलात का? ते तर आपल्यासारखंच गरम. १९२९ पासून स्वतःचं वीजघर आहे आणि वीज, वाफ, गार पाणी सगळं तिथेच बनतं. मग नाशकात का जमू नये?

मिनेसोटाकर

नाही विसरलो. ऑस्टिनचा पसारा छोट्या शहराएवढा, प्रयोगशाळा चोवीस तास चालू, थंड पाण्याची मागणी प्रचंड, आणि गॅस तिकडे जमिनीतून जवळच निघतो. आपल्याकडे आयात एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) भावावर नाचावं लागतं. मात्र एक फायदा मान्य: २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीत अंधार झाला तेव्हा प्रिन्स्टनचं केंद्र ग्रिडपासून वेगळं होऊन संकुलाला वीज देत राहिलं. रुग्णालय असेल तर या गोष्टीची किंमत वेगळी मोजा.

रेक्टरमावशी

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे, इंजिनियर नाही. पण ४० लिटर कोणी ठरवले? रविवारी केस धुण्याचा दिवस, तेव्हा दुप्पट. मंगळवारी परीक्षा असेल तर निम्म्या मुली तोंड धुऊन पळतात. दिवाळीत आणि मेमध्ये इमारत रिकामी. निफाडला पारा पाच-सहावर उतरला अशी बातमी येते त्या आठवड्यात साडेपाचलाच नळावर रांग लागते.

आणखी एक. गच्चीवर सोलर आहे, तरी पहिल्या मजल्यावरच्या मुली गरम पाणी येईपर्यंत दोन-दोन बादल्या गार पाणी मोरीत सोडून देतात. नळात रात्रभर थंड झालेलं पाणी आधी बाहेर यावं लागतं ना. ते पाणी कुणाच्याच हिशोबात नसतं. आणि गरम पाणी वेळेवर आलं नाही की खोलीत चोरून हीटिंग रॉड लागतो, मग एमसीबी पडतो आणि फोन मला येतो. तुझा प्लँट केवढाही असू दे बाळा, सहा वाजता चौथ्या मजल्याच्या शेवटच्या नळाला काय येतं ते बघ.

चिमणीखालचा

मावशींनी लाख मोलाचं सांगितलं. परतीचा नळ हवा, छोटा पंप लावून पाणी फिरतं ठेवायचं, म्हणजे नळ उघडला की गरमच. फक्त पंपाला टायमर लाव, नाहीतर रात्रभर नुसता नळ तापत बसेल.

गारेगार

एअर कंडिशनिंगचा सल्लागार, पुणे-नाशिक फिरतीवर. आता कोणीतरी म्हणणारच की उरलेल्या उष्णतेवर व्हेपर अॅब्सॉर्प्शन मशीन (विजेऐवजी उष्णतेवर गारवा करणारं यंत्र) लावा. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टात ते असतं, म्हणून आधीच आकडे देतो.

गरम पाण्यावरच्या साध्या मशीनचा सीओपी (दिलेल्या ऊर्जेच्या किती पट गारवा किंवा उष्णता मिळते तो आकडा) ०.७. १,०५० किलोवॅट उष्णता दिली तर ७३५ किलोवॅट गारवा, म्हणजे सुमारे २०९ टन (गारव्याचा एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट). ऐकायला दणदणीत. पण तेवढाच गारवा चांगला वॉटर कूल्ड चिलर टनामागे ०.६५ किलोवॅट घेऊन देतो, म्हणजे १३६ किलोवॅटमध्ये. मेगावॅटभर उष्णता खर्चून तासाला १३६ युनिट वाचले, बस्स.

वर पाण्याचा खर्च. अॅब्सॉर्प्शन मशीनच्या कूलिंग टॉवरला गारवा आणि दिलेली उष्णता दोन्ही मिळून १,७८५ किलोवॅट बाहेर फेकायचे. तासाला साधारण २,७०० लिटर पाणी वाफ होऊन जातं. विजेच्या चिलरला त्याच्या निम्मं पुरतं. एप्रिल-मेमध्ये गंगापूर धरणाच्या पातळीची रोज बातमी असते, तेव्हा हे पाणी कुठून आणणार?

आणि २०९ टन लागतात तरी कधी? मार्च ते जून दुपारी. डिसेंबरात नाशकात पंखासुद्धा बंद असतो.

उसाचा_रस

साखर कारखान्यात कोजनवर (वाफ आणि वीज एकत्र बनवणाऱ्या विभागात) आहे, जिल्ह्यातलाच. आमच्याकडे हेच तंत्र झकास चालतं, कारण आम्हाला वाफच जास्त लागते. रस तापवायचा, आटवायचा, साखर बसवायची, सगळं कमी दाबाच्या वाफेवर. मग बॉयलरमध्ये जास्त दाबाची वाफ बनवून ती आधी टर्बाइनमधून काढायची, वीज वरकड मिळते. इंधन म्हणजे घरचं बगॅस, उसाचं चिपाड. संकुलाचं उलटं आहे, वीज भरपूर हवी आणि उष्णता चिमूटभर. तिथे आमची नक्कल करू नका.

इंधन मात्र सुचवतो. द्राक्षबागांच्या काड्या. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोड छाटणीला दिंडोरी-निफाडमध्ये ढीग पडतात. ऑक्टोबरच्या काड्या वाळवून डिसेंबरच्या अंघोळीला.

द्राक्षबाग_मोहाडी

दादा, काड्या आता फुकट पडून नसतात. बरेच जण बागेतच कुट्टी करून ओळीत टाकतात, जमिनीला तेच बरं. ज्यांच्या मिळतील त्या गोळा करायला मजूर, भरायला ट्रॅक्टर, आणि माल इतका फुसका की ट्रॉली भरली तरी वजन नाही. शिवाय बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारलेला असतो, ते तांबं राखेत उतरणार. ती राख परत बागेत टाकायला मी तयार नाही.

हिशेबनीस

आता पैशाचं बोलू. भाव गृहीत आहेत, धागाकर्त्याने व्हायव्हाच्या आठवड्यातले खरे घालावेत. गॅस घनमीटरला ५० रुपये, वीज सरासरी ११ रुपये युनिट.

एका घनमीटरमध्ये साधारण १० युनिट उष्णता. १ मेगावॅटच्या इंजिनला तासाला २५० घनमीटर, म्हणजे १२,५०० रुपये, देखभालीचे हजार धरून १३,५००. तेवढीच वीज महावितरणकडून ११,००० ला येते. तासाला अडीच हजारांचा तोटा. गारेगार यांचं अॅब्सॉर्प्शन मशीन १३६ युनिट, म्हणजे दीड हजार वाचवतं. तरी हजार खड्ड्यात, तेही मशीनची किंमत न धरता आणि गारवा पूर्ण खपला तर.

भाव असे असताना मोठं इंजिन चोवीस तास फिरवण्यात अर्थ नाही. सरांना हेच उत्तर द्या.

त्र्यंबकरोडवाला

सर म्हणतात "प्लँट नको" हे उत्तर चालणार नाही, डिझाइन हवं. 😐

गारेगार

मग डिझाइनच कर. सुरुवात रुग्णालयापासून. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू यांना बारा महिने गारवा लागतो, डिसेंबरातही. १०० खाटांना या कायमच्या गारव्यासाठी समजा ३० टन धरले. या चिलरची उष्णता आज टॉवरमधून जाते. तिथे उष्णता परत घेणारा हीट पंप बसव, एका बाजूने रुग्णालयाचं पाणी गार, दुसऱ्या बाजूने वसतिगृहाचं गरम. गरम बाजूचा सीओपी ३.५ धर.

रोजचे १,७४४ युनिट १६ तासांत भरायचे तर तासाला सुमारे ११० किलोवॅट उष्णता. त्याला वीज ३१ किलोवॅट लागते आणि जोडीला २२ टन गारवा मिळतो. रुग्णालयाच्या ३० टनांत तो सहज खपतो. बघ, मेगावॅटवरून ३१ किलोवॅटवर आलो.

हिशेबनीस

तासाला ३१ युनिट म्हणजे ३४१ रुपये. त्यातून २२ टन गारव्याचे वाचलेले १५७ वजा करा. १८४ रुपयांत ११० युनिट उष्णता, म्हणजे युनिटमागे १ रुपया ६७ पैसे. गीझरने तेच पाणी तापवलं तर ११ रुपये. 👌

चिमणीखालचा

पण अंघोळ १६ तास चालत नाही ना, साडेपाच ते साडेआठ. तिथे टाकी लागते, आणि या डिझाइनचा जीव टाकीतच आहे. ६० अंशांना साठवायचं, त्याखाली नाही, नाहीतर कोमट पाण्यात लिजिओनेला हा रोगजंतू वाढतो. २० वरून ६० म्हणजे ४० अंश, तर ३७,५०० लिटर. रविवारची सोय धरून ५०,००० ची उभी, उंच टाकी घे. आडवी घेतली तर गरम-गार मिसळून सगळं कोमट होतं. उभीत गरम वर राहतं, गार खाली. परतीचं पाणी हळू आत सोडायचं, ढवळायचं नाही.

बोअरचं जड पाणी हीट पंपात थेट घालू नकोस, प्लेट एक्स्चेंजर मध्ये घाल, दरवर्षी उघडून धुता येतो.

सिव्हिलवाला

नळ कुठून नेणार? दिंडोरी रस्त्याला वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. ब्रेकर लावल्याशिवाय खंदक होत नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे ब्रेकरवाले सध्या भावात आहेत. 🙂 फॅक्टरीतच इन्सुलेशन चढवलेले नळ घ्या, खाली-वर वाळू भरा, एकाच खंदकात पाणी, वीज, केबल सगळं न्या. आणि लोखंडाचा नळ तापला की वाढतो: ५०० मीटर लांबीला ६० अंशांच्या फरकाने सुमारे ३६ सेंटीमीटर. बेंड आणि लूप दिले नाहीत तर तो आपली जागा स्वतः करून घेतो, मग इमारतीची भिंत बघायला आम्हाला बोलावतात.

मिनेसोटाकर

नळाचा व्यास ठरवताना जाणारं आणि परतणारं पाणी यांच्यातला फरक मोठा ठेवा. अंघोळीच्या तीन तासांत १,७४४ युनिट पोचवायचे म्हणजे ५८० किलोवॅट; ते २५ अंशांच्या फरकाने न्यायचे तर सेकंदाला साडेपाच लिटर, १० अंशांच्या फरकाने १४ लिटर. नळ, पंप, खंदक सगळं त्यावर.

गोदाकाठची

मेसचं काय? आणि शिर्डीला प्रसादालयात २००९ पासून ७३ सौर तबकड्यांवर वाफ करून स्वयंपाक होतो, ते इथे का नाही?

उसाचा_रस

शिर्डीला रोजचे हजारो भक्त, बारा महिने. इथे मे रिकामा आणि पावसाळ्यात ऊन नाही. मेसजवळच छोटा स्टीम बॉयलर ठेवावा. रुग्णालयाच्या ऑटोक्लेव्हला (उपकरणं-कपडे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) १३४ अंशांची वाफ लागते, तिथे दुसरा. दोन कपड्यांसाठी अख्ख्या संकुलात वाफ फिरवू नये.

गारेगार

गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचं मात्र ऐका. अंघोळीचं पाणी सगळं त्यावर घ्यायचं तर ७५० चौरस मीटर पॅनेल लागेल. डिसेंबरात आकाश निरभ्र, तेव्हा उत्तम. जुलैत बंद. मी असतो तर ती गच्ची सोलर विजेला दिली असती.

त्र्यंबकरोडवाला

सगळ्यांचं वाचून रात्री नवीन गणित मांडलं. सरांना "पॉवर" हवीच आहे, म्हणून इंजिन ठेवलं, पण ३०० किलोवॅटचं. विजेच्या दरात दुपारी सवलत आणि संध्याकाळी जादा आकार आहे, म्हणून संध्याकाळचा युनिट १३ रुपये धरला. इंजिन ५ ते साडेदहा एवढंच चालवायचं. त्या वेळी वसतिगृह आणि रुग्णालय मिळून ३५० किलोवॅट घेतातच, त्यामुळे ग्रिडला वीज विकायची भानगड नाही.

३८ टक्क्यांनी तासाला ७९ घनमीटर, ३,९५० रुपये, देखभाल ३००. वीज वाचली ३,९०० ची. म्हणजे तासाला ३५० रुपयांत ३२० युनिट उष्णता, युनिट १ रुपया ९ पैसे. साडेपाच तासांत १,७६० युनिट, टाकी भरली. सकाळी अंघोळ. हीट पंपापेक्षाही स्वस्त!

हिशेबनीस

शाब्बास. आता गॅस ५० ऐवजी ५५ करून बघ.

त्र्यंबकरोडवाला

तासाला ३९५ रुपये वाढले. उष्णता २ रुपये ३३ पैसे. हीट पंप पुढे गेला.

हिशेबनीस

पाच रुपयांत निकाल फिरतो. शिवाय साडेपाच तासांच्या हिशोबाने वर्षाला २,००० तास. इंजिनची किंमत तेवढ्याच तासांवर वसूल करायची, साखर कारखान्यासारखी पूर्ण हंगामभर रात्रंदिवस नाही. आणि मेच्या सुट्टीत ती उष्णता घेणार कोण?

चिमणीखालचा

रुग्णालयाला आणीबाणीसाठी जनरेटर घ्यावाच लागणार आहे. मग डिझेलऐवजी गॅसचं ३०० चं घ्यायचं, तर इंजिनच्या किमतीतला डिझेल सेटचा भाग वजा कर. फक्त थिएटरचा भार काही सेकंदांत उचलायला गॅस इंजिन डिझेलइतकं चपळ नसतं, आणि गॅसचा नळ तुटला तर? म्हणून थिएटरपुरता छोटा डिझेल सेट वेगळा ठेव. ग्रिडला समांतर चालवायचं तर रिव्हर्स पॉवर रिले (वीज उलट्या दिशेने वाहू लागली तर जोडणी तोडणारा), आणि विद्युत निरीक्षकाची परवानगी. हे दोन्ही रिपोर्टात नसलं तर बाहेरचा परीक्षक पहिलाच प्रश्न तिथे विचारेल.

त्र्यंबकरोडवाला

मग हीट पंप रोजचा, इंजिन संध्याकाळी गॅस परवडेल तेव्हा, टाकी दोघांची. सिंगल लाइन डायग्राम (विजेच्या जोडणीचा एकरेषी आराखडा) उद्या टाकतो. मावशी, रविवारचा खरा आकडा मिळेल का? गच्चीवरच्या टाकीच्या वॉटर मीटरचं रीडिंग असलं तरी चालेल.

रेक्टरमावशी

मीटर आहे, काचेत पाणी शिरलंय. शिपायाला सांगून शनिवारी रात्री आणि रविवारी दुपारी टाकीची पातळी मोजून ठेवते. चालेल का?